अंगठा

कापुआच्या बाहेर, म्हशींचे गोठे संपतात तिथे
पत्र्याची एक लांब इमारत आहे.
आत आम्ही आगीला वाऱ्यासारखं वाहायला लावतो.
दही-पनीर विकणारी नुन्झियाता विचारते,
"एवढे दिवे जाळता, बनवता तरी काय?"
काहीच नाही, मी म्हणते.
दुसऱ्यांनी बनवलेलं जळतं का, ते बघतो.

माझ्याकडे तराजू.
आगीआधीचं वजन, आगीनंतरचं वजन.
काचेच्या पेटीत चिमट्यानं चकती ठेवायची,
श्वास बाजूला वळवून सोडायचा,
आकडे थरथरायचे थांबेपर्यंत
खिडकीतून नदीकडे बघायचं.

चकत्या कार्बनच्या, काळ्या, बिस्किटाएवढ्या.
त्यांवर करडा लेप ऑत्ताव्यो चढवतो.
फवारतो, भाजतो, पुन्हा फवारतो,
ईस्टरच्या पावावर अंड्याचा हात फिरवावा
तितक्या हलक्या मनगटानं,
आणि गुणगुणत असतो, दर वेळी बेसूर.
आकाशातून परतणारं काहीतरी
एक दिवस या लेपाच्या भरवशावर
हवेत शिरेल.
ऑत्ताव्यो मात्र आजवर विमानात बसलेला नाही.
सिसिलीला जातो तोही बोटीनं.

मंगळवारी सत्ताविसावी चकती.
काळ्या काचेआड ज्वाळा उभी राहिली,
जांभळट, मग पांढरी, मग तिला रंगच उरला नाही.
सोळाशे पन्नास अंश.
एकशे वीस सेकंद काढायचे होते.
अडुसष्टाव्या सेकंदाला चकतीच्या कडेला
एक ठिपका बाकीच्यांहून जास्त उजळला.
कुणी काही बोललं नाही.
फक्त ऑत्ताव्योचं गुणगुणणं थांबलं,
तेव्हा कळलं की तो इथेही गुणगुणत होता.

चकती निवाली. लाल, तपकिरी, काळी.
मी तोलली.
अठरा मिलिग्रॅम कमी.
गव्हाचा अर्धा दाणासुद्धा नाही,
पण आमच्याकडे एवढ्यावर बैठका बसतात.

मग सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
लेपाला फोड आले होते,
बारीक, काचेचे, फुटलेले.
पण अस्ताव्यस्त नाही, रांगेत.
रांगा वळत होत्या, एकीच्या पोटात दुसरी,
आणि त्या सगळ्यांना कापत जाणारी
एक तिरपी कोरी रेघ.

ती रेघ मला ठाऊक होती.
आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे.
अकराव्या वर्षी काकाच्या कारखान्यात
पनीर कापताना सुरी निसटली, ती गोष्ट
ऑत्ताव्यो अंगठा नाचवत
दर नव्या माणसाला कॉफीबरोबर पाजतो.

लेपाआधी, उघड्या कार्बनवर, एकदाच टेकलेला अंगठा.
घामातलं मीठ.
महिनाभर करड्या थराखाली ते गप्प बसलं होतं.
दिव्यांना दिसलं नाही, मोजपट्टीला नाही,
माझ्या तराजूलाही नाही.
आगीला दिसलं.

मी त्याला बोलावलं. त्यानं डोळा लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
"हातमोजे संपले होते," तो म्हणाला,
"आणि पेल्लेग्रीनो फॉर्मशिवाय
पेटीला हात लावू देत नाही.
फॉर्म वरच्या मजल्यावर. माझे गुडघे खाली."
मग विचारलं, "बाकीच्या जागी?"
बाकीच्या जागी शाबूत, मी म्हटलं.
एक ओरखडा नाही.
त्यानं मान हलवली,
जसं कुणी दुसऱ्याच्याच मुलाबद्दल सांगत होतं.

अहवालात कारणाचा रकाना असतो.
मी 'हाताळणी' लिहिलं,
खोडलं,
पुन्हा 'हाताळणी'च लिहिलं.
दुसरा शब्द असता तरी
रकान्यात मावला नसता.

आता हातमोजे फॉर्मशिवाय मिळतात.
पेल्लेग्रीनोनं नुसती वही ठेवलीय, तारीख आणि सही.
सगळे सही करतात.
ऑत्ताव्यो शाईची डबी घेऊन येतो,
उजवा हात झटकतो,
आणि सहीच्या जागी, शिक्षण झालेलं असून,
शांतपणे
अंगठा उठवतो.